८० हजारांच्या गाडीला ६० हजार घालायचे का?

"गाडीची किंमत ८० हजार, दुरुस्ती ६० हजार. कशाला घालताय पैसे? सोडून द्या, नवीन घ्या."

हा सल्ला सध्या फुकट मिळतो. कट्ट्यावर मिळतो, भावकीत मिळतो, आणि सगळ्यात जास्त आपुलकीनं मिळतो तो सर्व्हिस सेंटरच्या एसी केबिनमध्ये. स्पष्टच बोलतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो तसाच राहावा यात बऱ्याच जणांचा फायदा आहे.

८० हजार ही गाडी विकायची किंमत झाली. तुम्ही गाडी विकायला निघालेलाच नाही, तुम्हाला ती चालवायची आहे. मग ६० हजारांची तुलना करायची ती ही गाडी नसेल तर काय खर्च येईल त्याच्याशी. साधी हॅचबॅक धरा. ५ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत, म्हणजे महिन्याला साधारण साडेदहा हजारांचा हप्ता. वर्षाचे १ लाख २६ हजार. डाऊन पेमेंट वेगळं, नव्या गाडीचा तगडा विमा वेगळा. जुनी गाडी पुढच्या वर्षी आणखी काहीतरी मागणारच, टायर म्हणा, बॅटरी म्हणा, क्लच म्हणा. त्याचे २५ हजार धरा. ६० आणि २५ मिळून ८५ झाले. हप्त्यांपेक्षा तरी कमीच, आणि हे पहिल्याच वर्षी.

आणि घसारा? विम्याच्या कोष्टकात गाडीला वर्ष पूर्ण झालं की तिची किंमत २० टक्क्यांनी कमी धरतात. ५ लाखांच्या गाडीचा १ लाख असाच गेला. जुन्या गाडीला ६० हजार घालणं म्हणजे 'पाण्यात गेले', आणि नव्या गाडीवर १ लाख जातो त्याला 'प्रगती' म्हणायचं. वा!

पण याच्याही आधीचा प्रश्न असा, की ते ६० हजार तरी खरे आहेत का?

माझी २०१२ची पेट्रोल गाडी मागच्या उन्हाळ्यात घाटात तापली. तालुक्यात बातमीसाठी फिरावं लागतं, संध्याकाळी सातनंतर अर्ध्या गावांना एसटी नाही, त्यामुळे गाडी ही चैन नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला टोइंग करून नेली. दुसऱ्या दिवशी फोन आला. "सर, हाफ इंजिन बदलावं लागेल. एस्टिमेट ६४ हजार. त्यापेक्षा एक्स्चेंज बघा ना, आत्ता ऑफर आहे." एस्टिमेट आणि ऑफरचा कागद, दोन्ही व्हॉट्सॲपवर एकदमच आले. मी एवढंच विचारलं, कॉम्प्रेशन किती आलं? हेड उघडून बघितलं का? पलीकडे शांतता. नंतर उत्तर आलं, "सर, उघडायचे चार्जेस वेगळे लागतील." म्हणजे न उघडताच इंजिन मेलं होतं.

गाडी परत गावात आणली. आमच्या मिस्त्रींनी हेड काढलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "ब्लॉक चांगलाय हो दादा. गॅस्केट गेलंय, हेड जरा वाकलंय. फेसिंग करून आणू." गॅस्केट, फेसिंग, हेडचे बोल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल आणि मजुरी मिळून १८ हजार ६००. गाडी आजही फिरते आहे.

सगळी अधिकृत सेंटरं लुटतात असं मी म्हणत नाही. तिथले काही फिटर हाताचे फार चांगले असतात. पण दुरुस्तीचा निर्णय ज्याच्या हातात, त्याच्याच डोक्यावर विक्रीचं टार्गेट असेल तर घोडं पेंड कुठं खाणार ते उघड आहे.

आता कुणी म्हणेल, जा ना मग बाहेरच्या गॅरेजला, अडवलंय कुणी? अडवलंय. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर अस्सल सुटे भाग, तांत्रिक माहितीपुस्तकं आणि दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळू दिली जात नव्हती. तेव्हापासून आमच्या तालुक्यात काय बदललं? मिस्त्री अजूनही कुठून तरी जमवलेल्या स्कॅनरवर काम करतो, आणि सेन्सरचा लफडा असला की गाडी शेवटी जिल्ह्यालाच पाठवतो. सरकारनं २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं. आमच्या गॅरेज लाइनमध्ये ते पोर्टल कुणी ऐकलेलंही नाही. मी विचारून बघितलं.

बरं, सरकार तरी कुणाच्या बाजूनं आहे? एप्रिल २०२२पासून १५ वर्षं झालेल्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झालं. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ते १० हजार केलं. पर्यावरण कर त्याहून वेगळा. गाडी धूर किती सोडते, ब्रेक कसे आहेत, याचा या आकड्यांशी काही संबंध नाही. वय झालं की भरा! वर्षाला ४ हजार किलोमीटर फिरणारी मास्तरांची कार आणि वर्षाला ४० हजार फिरणारी नवी डिझेल एसयूव्ही, यांत हवा जास्त कोण खराब करतं हे विचारायची सोय नाही. पेट्रोलचंही तेच. २० टक्के इथेनॉल सगळ्यांच्याच टाकीत ओतलं. जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात होता. ती घट भरून द्यायला कुणी आलं का?

एक गैरसमज मात्र काढून टाका. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, असं महाराष्ट्रात नाही. तपासणीत पास झाली तर खासगी गाडीची नोंदणी ५ वर्षांनी वाढते. १५ वर्षांची भानगड दिल्ली परिसरातली. तिथं १ जुलै २०२५पासून जुन्या गाड्यांना पंपावर इंधन बंद करायला गेले आणि लोक ओरडल्यावर चार दिवसांत मागे सरले. त्या बातम्यांचे व्हिडिओ दाखवून आमच्याकडचे एजंट गाड्या पडत्या भावात उचलतात. भंगार धोरणात जुन्या गाडीचे मिळणार किती, तर नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के. ५ लाखांच्या हिशेबानं २० ते ३० हजार.

माझ्याच व्यवसायाबद्दलही बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, तेव्हा पानंच्या पानं भरली. त्याच दिवशी बहुतेक सुट्या भागांवरचा करही १८ टक्क्यांवर आला, म्हणजे दुरुस्तीही स्वस्त व्हायला हवी होती. ती बातमी किती जणांनी वाचली? पहिल्या पानावर जाहिरात कुणाची असते हे मी सांगायला नको. आमचे पगार त्यातूनच निघतात.

काही गाड्यांना मात्र पैसे घालू नयेत. कोकणातल्या खाऱ्या हवेत जिचा सांगाडा आणि खालचे मेंबर गंजलेत, तिला इंजिन घालून उपयोग नाही, वेल्डिंगवर गाडी किती दिवस चालणार? २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरला किंवा २०२१ला चिपळूणला डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, वायरिंग आयुष्यभर पैसे खाईल. नोंदणी सहा महिन्यांत संपणार असेल तर आधी तपासणीत काय काय अडेल ते बघून घ्या, मगच इंजिन उघडा. आणि रोज हायवेला लेकरंबाळं घेऊन जायचं असेल, गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, तर नवी घ्या. तिथं मी वाद घालणार नाही. पण ते कारण सुरक्षिततेचं झालं, ८० हजार आणि ६० हजारांचं नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक कंपनीनं सुट्या भागांचे दर मराठीतून जाहीर लावावेत, बाहेरच्या मिस्त्रीला ते भाग आणि स्कॅनरची माहिती त्याच दरात मिळावी, आणि जुन्या गाडीचं शुल्क वयावर न लावता यंत्रावरच्या तपासणीवर लावावं.

गेल्या वर्षभरात एकाच कामाची दोन ठिकाणची एस्टिमेट तुमच्याकडे असतील तर नाव-नंबर झाकून मला इनबॉक्स करा. तालुक्यातली ५० जमली की बातमी करतो. जाहिरात विभागाला काय वाटायचं ते वाटो.