लेबलावरचे नाव आणि लाकडावरचा हात

१/ आर्चटॉप गिटारचा जो इतिहास समाजमाध्यमांवर फिरतो, तो साधारणतः चार वाक्यांत आटोपतो. ऑर्व्हिल गिब्सनने ती शोधली, लॉइड लोअरने परिपूर्ण केली, जॉन डी’अँजेलिकोने तिला कलाकृतीचा दर्जा दिला आणि विजेवरच्या गिटारने तिला संपवले. मित्रहो, यांतले एकही वाक्य तपासणीत पुरते टिकत नाही. वाद्याच्या पोटात डकवलेली चिठ्ठी वाचून हा इतिहास लिहिला गेला आहे. लाकूड कोणी तासले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. या धाग्याचा आक्षेप नेमका तेवढाच आहे.

२/ आधी वाद्याची ओळख. नेहमीच्या गिटारची वरची फळी सपाट असते. आर्चटॉपची वरची आणि मागची फळी व्हायोलिनप्रमाणे बाहेर फुगलेली असते. उत्तम आर्चटॉपमध्ये हा घुमट लाकूड दाबून आणत नाहीत. वरच्या फळीसाठी स्प्रूस आणि मागच्यासाठी मेपलचा जाड तुकडा घेऊन तो आतून-बाहेरून कोरतात. मध्यभागी जाडी अधिक, कडेकडे कमी. नेमकी किती, हे त्या त्या लाकडावर ठरते. म्हणून कारागीर कोरताना फळी हातांनी वाकवून पाहतो, टिचकी मारून नाद ऐकतो आणि पुन्हा पटाशी उचलतो.

३/ एवढा खटाटोप कशासाठी? १९२० आणि १९३० च्या दशकांत जॅझ वाद्यवृंद मोठे झाले, आणि तालासाठी बँजोच्या जागी गिटार आली. समोर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांची फळी. त्यातून गिटारचा ठोका ऐकू जायला हवा. आर्चटॉपचा स्वर झटकन उमटतो, दूरवर पोहोचतो आणि लवकर विरतो. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ साली आला आणि १९८७ साली मृत्यू येईपर्यंत अशाच गिटारवर ताल धरत राहिला. एकल वादन त्याने जवळजवळ केलेच नाही.

४/ आता पहिले वाक्य. ऑर्व्हिल गिब्सन हा मिशिगनमधील कॅलामाझू येथे काम करणारा कारागीर. कोरीव बांधणीच्या मेंडोलिनसाठी त्याला १८९८ साली पेटंट मिळाले. १९०२ साली त्याच्या नावाची कंपनी स्थापन झाली, ती स्थानिक भांडवलदारांनी. भागीदारांत ऑर्व्हिल नव्हता. वाद्याच्या बाजूदेखील अखंड लाकडातून कोराव्यात, ही त्याची पद्धत होती. कंपनीने पुढे ती सोडली आणि बाजू वाकवून बसवायला सुरुवात केली. नाव ठेवले, रीत टाकली. तरीही आपण त्या कारखान्यातले प्रत्येक वाद्य ‘गिब्सनचे’ म्हणतो.

५/ दुसरे वाक्य लॉइड लोअरचे. तो १९१९ साली गिब्सन कंपनीत आला आणि १९२४ च्या अखेरीस गेला. १९२२ मध्ये बाजारात आलेल्या एल-५ गिटारवर व्हायोलिनसारखी ‘एफ’ आकाराची दोन छिद्रे आली, तेव्हापासून हीच गिटार आदर्श मानली गेली. लोअरची कामगिरी मोठी आहे, हे निःसंशय. परंतु गिब्सन कंपनी कोरीव फळीच्या गिटार त्याच्या आगमनाच्या कितीतरी आधीपासून विकत होती.

६/ आणि ज्या चिठ्ठीमुळे लोअरचा एवढा महिमा वाढला, ती तरी काय सांगते? वाद्याच्या फळ्या व आतल्या पट्ट्या तपासून जुळवल्या आहेत, तयार वाद्य वाजवून पाहिले आहे आणि ते पसंत केले आहे, एवढेच. खाली तारीख आणि सही. ‘हे वाद्य मी घडवले’ असा दावा त्या चिठ्ठीत कोठेही नाही. चिठ्ठी प्रामाणिक आहे. तपासनिसाच्या सहीला निर्मात्याची सही मानले ते वाचणाऱ्यांनी.

७/ त्याच काळात त्याच कारखान्यात थॅडियस मॅकह्यू नावाचा माणूस काम करत होता. गिटारच्या दांडीत पोलादी सळई बसवायची आणि स्क्रू फिरवून दांडीचा बाक सुधारायचा, ही युक्ती त्याची. तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. ‘ट्रस रॉड’ या नावाने ती आज जगातल्या बहुतेक पोलादी तारांच्या आणि विजेवरच्या गिटारमध्ये असते. लोअरची सही असलेल्या वाद्यासाठी संग्राहक संपत्ती ओततात. मॅकह्यूची युक्ती आपल्या खोलीतल्या स्वस्त गिटारमध्येही आहे आणि त्याचे नाव शंभरांतल्या एकाला ठाऊक नाही.

८/ दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट तर याहून बोलकी आहे. ती सपाट फळीच्या गिटारची आहे, पण कारखाना तोच. पुरुष युद्धावर गेले आणि कॅलामाझूच्या कारखान्यात स्त्रिया कामाला आल्या. हजारो गिटार त्यांच्या हातून तयार झाल्या. त्या काळात आपण वाद्ये बनवत नव्हतोच, असे कंपनीचे म्हणणे होते. कारखान्यासमोर उभ्या असलेल्या त्या कामगार स्त्रियांच्या एका छायाचित्रावरून एका संशोधकाने माग काढला आणि हयात स्त्रियांना शोधून बोलते केले. तोवर कित्येक दशके उलटली होती.

९/ तिसरे वाक्य एकट्या प्रतिभावंताचे. जॉन डी’अँजेलिकोचा जन्म १९०५ साली न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतला. वयाच्या नवव्या वर्षी तो राफाएल चानी या नातेवाइकाकडे उमेदवारीला लागला. तेथे व्हायोलिन, मेंडोलिन आणि गिटार बनत. १९३२ मध्ये त्याने केनमेअर स्ट्रीटवर स्वतःचे दुकान थाटले. प्रत्येक गिटारचा क्रमांक तो वहीत लिहून ठेवी. अशा क्रमांकित गिटारांची संख्या १,१६४ मानली जाते. आपल्याकडे गायकाची ओळख घराण्यावरून करून देतात. हेही घराणेच होते. मग चानीचे नाव का गळावे?

१०/ दुकानात डी’अँजेलिको एकटाही नव्हता. व्हिन्सेंट डीसेरिओ सुमारे पाव शतक त्याच्या शेजारच्या बाकावर काम करत होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी जिमी डी’अक्विस्टो हा पोरसवदा वादक तेथे शिकायला आला. झाडलोट आणि निरोप्याची कामे करत करत तो कोरीव कामापर्यंत पोहोचला. १९६४ साली डी’अँजेलिको गेला, तेव्हा शेवटच्या काही गिटार अर्धवट होत्या. त्या डी’अक्विस्टोने पूर्ण केल्या. माथ्यावर नाव गुरूचे, हात शिष्याचा. अशा गिटारला काय म्हणावे, याचे उत्तर ‘एकटा प्रतिभावंत’ या कल्पनेजवळ नाही.

११/ उलट बाजूही पाहा. विजेवर वाजवण्यासाठी याच दुकानातून प्लायवुडच्या गिटारही विकल्या गेल्या. त्यांचे खोड बाहेरच्या कारखान्यातून तयार येई. दांडी बसवून दुकान त्यावर आपले नाव घाली. म्हणजे एकच नाव एकदा महिनोन्महिने कोरलेल्या फळीवर आहे आणि एकदा परक्या प्लायवुडवर. आज तर ते नाव विकत घेतलेली कंपनी आशियातील कारखान्यांत गिटार बनवून घेते. त्यात बेकायदा काही नाही. पण नाव म्हणजे हात नव्हे, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

१२/ चौथे वाक्य: विजेने आर्चटॉप संपवली. गिब्सनची विजेवरची ईएस-१५० ही गिटार १९३६ सालची. तिची वरची फळीही कोरीवच होती. डी’अँजेलिकोचे दुकान त्यानंतरही २८ वर्षे चालले. डी’अक्विस्टोने १९९५ पर्यंत काम केले; धातूचे टेलपीस काढून आबनुसाचे बसवले आणि अखेरीस नक्षीही टाकून दिली. बॉब बेनेडेट्टो यांनी १९९४ साली ही गिटार घडवण्याची रीत पुस्तकात उघड केली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने डी’अँजेलिको, डी’अक्विस्टो आणि जॉन मॉन्टेलिओन यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. संपली ती मोठी बाजारपेठ. कारागिरी चालू राहिली.

१३/ हे सर्व ज्यांना सर्वांत आधी कळते, त्यांना आपण इतिहासकार मानतच नाही. ते म्हणजे जुनी वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर. आरसा आणि दिवा आत घालून ते हत्याराच्या खुणा वाचतात. कोणती पट्टी मूळची, कोणती नंतरची. कोणती चीर कोणी कशी सांधली, हे त्यांना दिसते. सांधा सरसानेच जोडावा असा त्यांचा आग्रह असतो, कारण ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो. पुढच्या दुरुस्तीला वाट राहते.

१४/ ‘सगळे मूळचेच हवे’ म्हणणाऱ्या संग्राहकांना एक उदाहरण देतो. जुन्या आर्चटॉपवरचे पिकगार्ड आणि कडेच्या पट्ट्या पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. हे सेल्युलॉइड कालांतराने कुजते. त्यातून आम्लयुक्त वाफा निघतात, तारा व धातूचे भाग गंजतात आणि लगतचे लाकूडही बिघडते. असा मूळचा भाग जागेवर ठेवणे म्हणजे मूळ वाद्य गमावणे. जाणता कारागीर तो काढतो, वेगळा ठेवतो, जुळणारा नवा घडवतो आणि केलेले काम लिहून ठेवतो. ती टिपण हेच अस्सल साधन आहे. बाजार मात्र तिला किंमत कमी करणारा डाग समजतो.

१५/ कोणी म्हणेल, नावांवाचून इतिहास लिहायचा कसा? मान्य. लोअर नसता तर एल-५ तशी झाली नसती आणि डी’अँजेलिकोचा कान उसना मिळणारा नव्हता. त्यांची नावे पुसा असे मी म्हणत नाही. नाव आपल्याला दुकान सांगते, काळ सांगते. फळी कोणी कोरली, दांडी कोणी बसवली, मोडल्यावर कोणी सांधली, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. आपण मात्र नावापाशीच लेखणी खाली ठेवतो.

१६/ ‘अमुक राजाने किल्ला बांधला’ हे वाक्य आपण शाळेपासून बिनदिक्कत लिहीत आलो. सवय तीच आहे. पुढच्या वेळी एखाद्या वस्तूविषयी लिहाल तेव्हा वही, मजुरीची नोंद, कामगारांचे छायाचित्र आणि दुरुस्तीची टिपण शोधा. आणि तुमच्या गावात वाद्ये दुरुस्त करणारा कोणी म्हातारा कारागीर असेल, तर त्याच्याकडे याच आठवड्यात जा. त्याने कोणाकडे उमेदवारी केली ते विचारा, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.