ताप दाबून मूल पाळणाघरात?

मागच्या पावसाळ्यात मीही हेच केलं. रजा टाकायची नव्हती, म्हणून मुलीला तापाचं औषध पाजून पाळणाघरात सोडलं. दुपारी ताप परत चढला. तोवर ती दिवसभर इतर मुलांत खेळली होती.

औषधाने ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. म्हणून औषधाशिवाय 24 तास ताप नसावा, उलट्या-जुलाब थांबून 48 तास झालेले असावेत, कांजिण्यांच्या सगळ्या फोडांना खपली धरलेली असावी. मगच मूल पाठवावं. साध्या सर्दीत मूल खेळतं असेल तर घरी ठेवायची गरज नाही.

पाळणाघरांनी हे नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावेत. आणि रजा दरवेळी आईनेच का घ्यावी? अब्बा झालेल्या मित्रांनो, पुढची रजा आपण टाकूया.