सिझरची भीती कशाला?

“डॉक्टरनं सिझर सांगितलं,” एवढं ऐकलं की घरातली माणसं चरकतात. सासूबाई म्हणतात, आमची चार-चार बाळंतपणं गावी सुईणीनं केली, कुणाचं पोट फाडलं नाही. खरं आहे. पण अडलेल्या किती बाया तेव्हा हाती लागल्या नाहीत, हेही त्यांनाच ठाऊक असतं. ते बोललं जात नाही.

भगिनींनो, मूल आडवं असेल, वार खाली तोंडाशी असेल, कळा येऊनही मूल सरकत नसेल किंवा बाळाचे ठोके मंदावत असतील, तर सिझर करावं लागतं. अशा वेळी “बाळाचे वडील येऊ द्या, मग सही करू,” म्हणत बसणं हाच मोठा धोका. ते लोकलमध्ये लटकलेले, इकडे ठोके उतरताहेत! सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्यानं पुरेशी असते. घरात मात्र हे आठव्या महिन्यातच बोलून ठेवावं.

आत काय होतं? बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत. कमरेत मणक्याजवळ सुई देतात, खालचं अंग बधिर होतं, बाई जागी असते. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. चीर ओटीपोटावर आडवी. मूल काही मिनिटांतच बाहेर येतं; टाके घालायलाच जास्त वेळ जातो. ‘त्या सुईनं जन्मभर कंबर धरते’ हा सगळ्यात हट्टी गैरसमज. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहील, एखादीचं डोकं दुखेल. ते सिस्टरला सांगावं, त्यावर इलाज आहे. पुढे कंबर धरते ती पोटातल्या ओझ्यानं, वाकून पाजल्यानं आणि हंडे उचलल्यानं. नॉर्मल बाळंतिणीचीही धरते.

‘सिझरवालीला दूध येत नाही’ हेही खोटं. पहिल्या तासातच चिकाचं दूध पाजता येतं. चोवीस तासांच्या आत हाताला धरून चालवतात, ते छळायला नव्हे. निजून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होते. पाण्यानं टाके पिकत नाहीत. भाकरी, वरण, अंडी, मासे, सगळं खावं. सहा आठवडे मात्र बाळाहून जड काही उचलायचं नाही. नळावरचा हंडा नवऱ्यानं भरावा, लाजायचं काय त्यात?

ऑपरेशन मोठंच आहे, खेळ नव्हे. ताप, टाक्यांतून पू, फार रक्तस्राव, घाण वास, पोटरी सुजणं, धाप लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खर्चाची धास्ती असते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांचा आहार मोफत आहे. राजावाडी, कूपर किंवा शताब्दीत नाव घालतानाच या योजनेचं विचारावं. खाजगीत मात्र “का?” हे जरूर विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सरकारी दवाखान्यांत शंभरात १४, तर खाजगीत ४७ बाळंतपणं सिझरची होती. सगळी गरजेपोटी झाली असं मला वाटत नाही.

आणि पुढचं बाळंतपण सिझरच होईल असंही नाही. दोन वर्षांचं तरी अंतर ठेवावं, ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच नाव घालावं आणि पहिल्या सिझरचा कागद जपून ठेवावा. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर फळीवर.