वेताळाला प्रेत लागते

दिवाळीच्या फराळात जसा चिवडा, तशी दिवाळी अंकात एखादी भुताची गोष्ट हवीच. धाकट्यांच्या हाती लागू नये म्हणून वडीलमंडळी तो अंक कपाटावर ठेवतात, आणि धाकटे स्टुलावर चढून तो काढतात, हेही ठरलेलेच. अलीकडे मात्र या धाकट्यांना मुंजा आणि हडळ ऐकूनही ठाऊक नसतात. टोल्किनचे नऊ काळे स्वार मात्र तोंडपाठ. आमचे विद्यार्थी हौसेने अद्भुतकथा लिहून आणतात. त्यांतला खलनायक हटकून धुरासारखा, बिनदेहाचा आणि सर्वशक्तिमान असतो. तो भिंतीतून जातो, मने वाचतो, डोंगर उलथतो. मग नायकाने करायचे काय? शेवटच्या पानावर कोठून तरी एक मणी सापडतो आणि खलनायक विरघळतो. सर्वशक्तिमान भूत भयानक नसते बुवा, कंटाळवाणे असते.

ज्याला देह नाही, त्याला काही ना काही उसने घ्यावेच लागते. ते तो कोणाकडून घेतो आणि देणारा ते का देतो, हीच खरी भुताची गोष्ट.

याचा उत्तम नमुना आमच्या दारातच आहे. ज्याला आपण विक्रम म्हणतो, तो ‘कथासरित्सागरा’त त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याचे राज्य गोदाकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात आहे. सोमदेवाने हा ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी रचला. त्याचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त, आणि परंपरा म्हणते की गुणाढ्य सातवाहनांच्या पदरी होता व त्याने ती कथा पैशाची भाषेत लिहिली. भुतांच्या गोष्टी भुतांच्याच नावाच्या भाषेत! आम्हां मराठवाड्याच्या माणसांना याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.

आता या वेताळाची ताकद पाहा. एकटा तो काहीच करू शकत नाही. बोलायलासुद्धा त्याला कोणाचे तरी प्रेत लागते. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजा स्मशानातल्या शिसवीच्या झाडावर चढतो, दोर कापतो. खाली पडताच प्रेत कळवळून ओरडते. राजाला वाटते, माणूस जिवंत आहे. तो उतरून कनवाळूपणे त्याचे अंग चोळू लागतो, तेव्हा ते खदाखदा हसते. मुलांच्या पुस्तकांतून हा तपशील बहुधा गळतो, आणि मला तर साऱ्या कथेत तोच सर्वांत अंगावर येणारा वाटतो. राजा विचारतो, हसतोस काय? झाले! तोंड उघडले की प्रेत परत झाडावर.

म्हणजे दार राजाच उघडतो. पुढे तर वेताळ त्याला दुहेरी पेचात धरतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि बोललास तर खेप वाया. भुताने भित्र्याला धरावे यात नवल नाही. हा शहाण्याला त्याच्याच शहाणपणाने धरतो. ज्या प्रश्नाचे उत्तर राजाला खरोखरच येत नाही, तिथे तो सहज गप्प राहतो, आणि वेताळाचे हात संपतात.

टोल्किनचे स्वार याच जातीचे. (त्याची ती त्रिखंडी कादंबरी १९५४-५५ मधली.) एके काळी ते हाडामांसाचे पुरुष होते, अंगठ्यांच्या लोभाने मरण टळले आणि जगणे झिजत गेले. अंगावरचा काळा झगा हाच त्यांचा आकार. दिवसा त्यांना आपल्यासारखे दिसत नाही, म्हणून घोड्यांच्या डोळ्यांवर विसंबायचे आणि जिवंत रक्ताचा वास घ्यायचा. खरे हत्यार एकच, भीती. आणि ती तर समोरच्याने पुरवायची असते. फ्रोडो बोटात अंगठी घालतो, तेव्हाच तो त्यांना स्वच्छ दिसतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ड्रॅक्युलालाही घरच्या कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

अशा झिजलेल्या माणसाचे आपले नाव अश्वत्थामा. कपाळीचा मणी गेला आणि रक्तपुवाचा वास घेऊन तीन हजार वर्षे एकट्याने भटकायचा शाप मिळाला. चिरंजीव होणे ही शिक्षाही असू शकते, हे व्यासांनी फार आधी सांगितले. नव्या लेखकांनी तिकडे एकदा बघावे.

पण पैठणच्या कथेतला खलनायक मुळी वेताळ नाहीच. तो आहे क्षांतिशील नावाचा भिक्षू. दहा वर्षे रोज दरबारात येऊन हा सत्पुरुष राजाला एकेक फळ देतो, फळात रत्न दडवतो, आणि मनात राजाचाच बळी योजतो. त्याला देह आहे, गोड वाणी आहे, धीर आहे. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. तो कायदा वेताळावर नाही, क्षांतिशीलावर आहे. एखाद्या बाईला भूत लागले म्हणून तिला बडवणारा मांत्रिक त्यात सापडतो. भुताचे नाव आरोपींत नसते. म्हणून मुलांपासून भुताच्या गोष्टी लपवणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे: वेताळ खुशाल वाचू द्या, रोज फुकट फळ आणून देणाऱ्याची मात्र चौकशी करा.

राजाला सावध करतो तोही वेताळच. भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘आधी तुम्ही घालून दाखवा’ म्हण, एवढी युक्ती तो शिकवतो. बाकीचे काम तलवार करते. मग राजा वर मागतो, तो राज्याचा नव्हे: या सगळ्या गोष्टी जगात प्रसिद्ध होवोत. वेताळ हसतमुखाने तथास्तु म्हणतो, आणि आपण होऊन वर पुस्ती जोडतो की जिथे या गोष्टी सांगितल्या जातील, तिथे यक्ष, राक्षस, डाकिणी आणि वेताळ यांचे काही चालणार नाही.