आमच्या कापसाला ग्रेडर, सरकारच्या कामाला कोण?



खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, ओलावा मोजतो. 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत, भाडे आपल्या अंगावर. आपल्या मालाचे मूल्यमापन असे रोखठोक असते. सरकार स्वतःच्या कामाचे मूल्यमापन कसे करते, तेही एकदा पाहू.

जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यक्रम काढला. 48 खात्यांनी मिळून 902 मुद्दे ठरवले. 1 मे 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निकाल लावला : 706 मुद्दे पूर्ण, म्हणजे 78 टक्के. कृषी खाते 66 टक्के मिळवून राज्यात तिसरे! पण मुद्दे ठरवले कोणी? खात्यांनीच. ज्याची परीक्षा त्यानेच प्रश्नपत्रिका काढायची, मग नापास कोण होणार?

कार्यालयांची तपासणी भारतीय गुणवत्ता परिषदेने केली. तिथे संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी, गुंतवणूक असे सात मुद्दे होते. कचेऱ्या झाडल्या गेल्या, चांगलेच झाले. पण पंचनाम्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत किती दिवस गेले, हा मुद्दा त्या सातांत नव्हता.

बरे, या गुणांची किंमत काय? कृषी खाते तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे यांच्याकडे होते. निकालानंतर तीन महिन्यांत, जुलै 2025 अखेर, ते त्यांच्याकडून गेले. कारण ठरला सभागृहातल्या मोबाईलच्या चित्रफितीवरून उठलेला गदारोळ. तिसऱ्या क्रमांकाची आठवणही कोणाला झाली नाही.

जलयुक्त शिवारचेही तेच. डिसेंबर 2014 ला योजना आली. सप्टेंबर 2020 मध्ये कॅगने सांगितले की 9,633 कोटी खर्चूनही भूजल वाढवण्यात योजना कमी पडली. तेव्हाच्या आघाडी सरकारने त्यावर चौकशी लावली. 2022 मध्ये सरकार फिरले आणि योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. अहवाल तोच, कोणाच्या हाती काठी, कोणाच्या हाती रद्दी. फेब्रुवारीत विहिरीला पाणी किती, हे विचारायला दोघांपैकी कोणीही आपल्या बांधावर आले नाही.

अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल वरचा साहेब लिहितो. त्यातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले. त्याला न्याय मिळाला, आमची हरकत नाही. पण ज्याचे काम अडले त्या शेतकऱ्याचा शेरा कोठे? 2005 चा बदल्यांचा कायदा एका जागी तीन वर्षे म्हणतो आणि त्याच कायद्यात अपवादाची फटही ठेवतो. बदलीची दोरी वर असली की साहेबाची मानही वरच वळलेली राहते. त्यात एकट्या कृषी सहायकाला शिव्या घालून काय होणार?

मूल्यमापन नको, असे आम्ही म्हणत नाही. मोजणाऱ्यांत आम्हीही हवेत, एवढेच म्हणतो. म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन मागण्या ठेवत आहोत :

1. कामाचे मुद्दे ग्रामसभेत ठरावेत आणि गुण गावात फळ्यावर लागावेत.
2. पंचनामा ते पैसे, अर्ज ते उतारा, किती दिवस लागले ते तालुकावार छापावे.
3. मुदतीआधी बदली झाली तर तिचे लेखी कारण जाहीर करावे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातात आहे ते वापरू. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा सबळ कारणाशिवाय मुदतीत दिली नाही, तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण तोंडी विनवणीला दंड नसतो. अर्ज लेखी द्या, तारखेची पोच घ्या, मुदत टळली की अपील करा. आणि पुढच्या बैठकीला येताना सगळ्या पोचा घेऊन या. नाशिक जिल्ह्याचा निकाल या वेळी आपण लावू.