लोणारला जा, पण उन्हं चढायच्या आत वर या

सहलीचं नाव काढलं की आपल्याकडे महाबळेश्वर नाहीतर कोकण. कोरड्या रानात काय बघायचं, असं आपणच म्हणतो. झरीहून जिंतूर-मंठा मार्गे निघालं तर दोन-अडीच तासांत लोणार येतं. वाळवंट नव्हे, पण बाभळी-बोरीचं खुरटं रान, काळा खडक, मोर, घोरपडी आणि मधोमध उल्कापाताने पडलेलं सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. बेसाल्ट खडकात पडलेली अशी विवरं जगात फार थोडी आहेत. हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर यादीतलं पाणथळही. अशा ठिकाणी चालणं मनाला आणि हृदयाला चांगलंच. म्हणून माझा सल्ला 'जाऊ नका' असा नाही. आपण जातो त्या वेळेबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे: ती बदलायला हवी.

विवराचा हिशोब उलटा असतो

गड चढताना दम लागला की माणूस थांबतो आणि तिथूनच मागे फिरतो. परतीची वाट उताराची असते, त्यामुळे निभावतं. लोणारला आधी उतार आहे. काठापासून तळं सुमारे 137 मीटर खाली, म्हणजे चाळीसेक मजल्यांची इमारत समजा. उतरताना आजोबांनाही काही वाटत नाही. काठावरची देवळं बघण्यात तास-दोन तास जातात, बाटलीतलं पाणी संपतं, आणि मग चढ सुरू होतो. सकाळी दहाला उतरलेला माणूस बाराच्या उन्हात चढत असतो. खाली वारा कमी लागतो आणि तापलेला काळा खडक वरून उष्णता फेकतो. हृदयावरचा सगळ्यात जास्त ताण अगदी शेवटी येतो, तेव्हा मागे फिरायला वाट उरलेली नसते.

तळ्याचा रंग आणि लघवीचा रंग

जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले आणि खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. पाणी आटलं की उरलेलं दाट होतं. शरीरातही तसंच घडतं. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंग ओलं लागत नाही, म्हणून 'घामच आला नाही' असं वाटतं. तहान तर उशिराच लागते. लघवी गडद पिवळी झाली की समजा, पाणी कमी पडलंय. उन्हात चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट प्या. दोन-तीन तास चालणार असाल तर सोबत ओआरएस हवं: एक लिटर पाण्यात एक पूर्ण पुडी. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही.

'आम्हाला उन्हाची सवय आहे'

हे वाक्य तुम्ही म्हणणारच. सवय खरी असते. रोज उन्हात काम केलं की आठ-पंधरा दिवसांत शरीर जुळवून घेतं. पण ही सवय रोज राबणाऱ्याची. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलाला किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आईला ती नसते. आणि राबणारा शेतकरी तरी भर दुपारी काय करतो? औत सोडून लिंबाच्या सावलीला बसतो. हे शहाणपण सहलीच्या गाडीत बसताना आपण घरीच ठेवतो.

सगळ्यात जास्त काळजी नवरात्रातली. ऑक्टोबरचं ऊन, अंगात उपवास, आणि पायी कमळजा देवीचं दर्शन. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चाललात तर साखर एकदम उतरू शकते. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी पाणी आणखी कमी होतं. गोळ्या मनाने बंद करू नका. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. खिशात साखर ठेवा. चालताना छाती भरून आली किंवा दम बसेना, तर तिथेच थांबा. देवी काठावरून केलेला नमस्कारही घेते.

तळ्याचं पाणी अंगाला लावू नका

'आईन-ए-अकबरी'त या भागात साबण आणि काच करण्याजोगे पदार्थ मिळतात असा उल्लेख आहे. साबणाला लागतो तो क्षारच. तळ्याच्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. औषध म्हणून ते खरजेवर चोळू नका, डोळ्याला तर लावूच नका.

वेळापत्रक असं हवं

झरीहून पहाटे पाचला निघा. साडेसातला उतरायला लागा, दहाच्या आत काठावर या. मग गावातलं दैत्यसूदन मंदिर सावलीत निवांत बघा; तिथलं कोरीवकाम घाईत बघण्याजोगं नाहीच. एप्रिल-मे टाळा. पायात बूट घाला, दगडांच्या फटीत हात घालू नका.

शाळेच्या सहली दुपारी बाराला काठावर पोचतात, कारण बस आठला निघते आणि वाटेत नाश्ता असतो. मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी मिळून ही एक गोष्ट बदलावी. पैसे लागत नाहीत, फक्त गजर लवकर लावावा लागतो.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत आडवं करा, पाणी पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. तोंडात काही घालू नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. मात्र त्याला उचलून तो चढ चढायचा आहे, हे उतरण्याआधीच लक्षात ठेवा.