भुताला कुणी विचारले का?

आमच्या शेलारला रात्री भीती वाटते ती आवाजाची नव्हे, आवाज थांबल्याची. यंत्रमागांचा खडखडाट हीच आमची अंगाई. मध्यरात्री वीज गेली की सारे माग एकदम गप्प होतात आणि गाढ झोपलेला माणूसही दचकून उठून बसतो. आता काय होणार, या एका विचाराने घरभर कान टवकारले जातात. भयकथेतील उत्कंठा याहून निराळी काय असते? काही घडण्यापूर्वीची ही शांतता ज्याला लांबवता येते, तोच खरा भयकथाकार.

परंतु भयकथा म्हणजे फावल्या वेळचे हलके वाचन, असा आपल्याकडे समज आहे. शिवाय तिच्यामुळे अंधश्रद्धा वाढते, असाही आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) पाहा. ही कादंबरी रोजनिश्या आणि पत्रे यांतून उलगडते. प्रत्येक पात्राला थोडे थोडे ठाऊक असते. तुकडे जुळतात ते वाचकाच्या मनात. ल्यूसीच्या गळ्यावरील दोन बारीक जखमांचा अर्थ तिच्या माणसांआधी आपल्याला कळतो, आणि आपण त्यांना सावध करू शकत नाही. पात्रेही ठरीव साच्याची असतात: जुन्या गढीतला खलपुरुष, त्याच्या तावडीत सापडणारी निष्पाप तरुणी आणि संकट ओळखणारा जाणता तारक. तिकडे व्हॅन हेल्सिंग, तर इकडे नारायण धारपांचा 'समर्थ'. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या रक्तपिपासूंच्या कादंबरीवर बेतलेली आहे. म्हणजे ड्रॅक्युलाचा वंश मराठीतही पोहोचला!

मात्र एक गोष्ट मला खटकते. 'ड्रॅक्युला'त इतक्या जणांच्या रोजनिश्या आहेत, पण खुद्द ड्रॅक्युलाची नाही. याउलट 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) मध्ये तो अक्राळविक्राळ जीव स्वतः बोलतो. आपल्याला कुणी जवळ केले नाही, हे तो सांगतो. त्यानंतर त्याची भीती उरते, पण त्याचा निव्वळ तिरस्कार करता येत नाही. मेरी शेलीने ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, माझ्याहून एका वर्षाने लहान!

आता आपल्याकडे पाहू. मुंज झाली पण लग्नाआधीच मेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती हडळ. आपल्या भुतांच्या नावातच त्यांचे अर्धवट राहिलेले आयुष्य आहे. लहानपणी आमच्या आळीच्या टोकाला असलेल्या चिंचेखालून आम्ही जीव मुठीत धरून पळत असू. तिथे हडळ आहे, असे सारे सांगत. पुढे कळले की ती आमच्याच आळीतली सून. पावसाळ्यातल्या एका रात्री ती अडली, गाडी वेळेवर मिळाली नाही, आणि सकाळपर्यंत सगळे संपले.

माझी आई शाळेत गेलेली नाही. मी वाचनालयातून आणलेल्या भयकथा तिला रात्री वाचून दाखवतो. एकदा हडळीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "ती मेली कशी, ता कोनी इचारला का?" मी निरुत्तर झालो. कुणीच विचारले नव्हते. तिला हडळ म्हटले की गाडीचा, रस्त्याचा, घरच्यांनी केलेल्या उशिराचा प्रश्नच मिटत होता.

मित्रहो, अंधश्रद्धा आणि साहित्य यांतला फरक मला त्या रात्री कळला. अंधश्रद्धा भुताला भिते आणि तिथेच थांबते. चांगली भयकथा आधी भिववते आणि मग त्या भुताचे नाव-गाव विचारायला लावते. म्हणून धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके आपण लपूनछपून नव्हे, उजळ माथ्याने वाचावीत, त्यांवर वर्गात चर्चा करावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.

त्या चिंचेखालून मी आताही रात्री येतो. पाय थोडे झपझप पडतात, हे कबूल करतो. पण आता तिला मी हडळ म्हणत नाही, वहिनी म्हणतो.

— द्वितीय वर्ष, कला